नाल्याकडच्या बांधीचा तांदूळ

बिरसी
११ जून २०२३

लोकेंद्र,

नमस्कार-चमत्कार लिहीत नाही, तू घेणारही नाहीस. माझ्या नंबरावरून तुले फोन लागत नाही. पहिले वाटलं, टॉवर गेला असंल. मंग तुझ्या वहिनीच्या फोनवरून लावला, तं दुसऱ्याच घंटीत तू 'हॅलो' म्हणालास. म्हणजे टॉवर बराबर आहे, मीच बंद आहो. बासष्ट वर्षांच्या माणसावर कुडव्यातल्या सख्ख्या भावाले पोस्टानं चिठ्ठी पाठवाची पाळी आली. पोस्टमन हसून म्हणाला, "काका, कुडव्याले? गाडीनं जाऊन चहा पिऊन वापस याल तुमी." मी म्हटलं, "तिकीट लावलं न बापा? मंग ने गुपचूप."

त्या दिवशी अंगणात उभं राहून तू जे बोललास ते अर्ध्या गावानं ऐकलं. "जोवर तुझ्या शेताचा दाणा साफ होत नाही, तोवर तो माझ्या दारात नको, अन् तूही नको." पाणीसुद्धा न पिता गाडीले किक मारलीस. तुझी वहिनी धनवंता गिलास घेऊन फाटकापर्यंत तुझ्या मागं आली होती.

आता माझं ऐक. नाल्याकडच्या बांधीत धानावर खैरा येऊन राहिला होता, हे तुलेही माहीत आहे. पानं तांबडी, गंज लागल्यासारखी, अन् वाढ नाही. सगळे म्हणाले झिंक टाका. तेव्हाच तो फिरता माणूस टेम्पोत झिंक म्हणून करड्या भुकटीची पोती घेऊन आला. म्हणाला, कारखान्यातून थेट येते म्हणून स्वस्त. थेट येते हे खरंच होतं, कारखान्याचा कचराच होता तो! पण मी काय केमिस्ट आहो? धान हिरवागार झाला. पोळ्याले तू आला होतास तेव्हा तूच म्हणालास, "दादा, यंदा बांधीले नजर लागंल." चार वर्षं टाकली मी ती भुकटी. विष समजून नाही टाकली गा.

मंग मे महिन्यात त्या माती तपासणाऱ्या आचल मॅडमनं ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर सांगितलं, की चुन्नीलाल बिसेन यांच्या नाल्याकडच्या तांदळात कॅडमियम नावाचा धातू निघाला. पॉइंट चारच्या आत पायजे, आपला एक पॉइंट एक. वर्षानुवर्षं पोटात गेला तं किडनी धरतो. तुले त्या सभेत कळलं अन् मलेही त्याच सभेत कळलं. हे मी अंगणातही तुले सांगितलं, पुन्हा लिहून देतो.

अन् तुझ्या बायकोच्या, मंजूबहूच्या किडन्या माझ्याच तांदळानं गेल्या, असं कोण्या डॉक्टरनं लिहून दिलं काय? मॅडमही म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. तिले बीपी आहे, कंबरदुखीच्या गोळ्या तिनं दहा वर्षं खाल्ल्या. मी हात झटकून नाही राहिलो. पण सगळं माझ्याच माथ्यावर कायले?

जानेवारीत दिलेला तांदळाचा कट्टा तं नाल्याकडचा नव्हताच. तो वरच्या, बोडीखालच्या बांधीचा, तिले तळ्याचंच पाणी. तिथं मी झिंक कधी टाकलं नाही. त्याच्या आधीचं घरात काही असंल ते फेकून दे, तो कट्टा फेकू नको.

दाणा मी साफ करतो. मॅडम म्हणतात, होते. काय काय करून राहिलो ते कळवत जाईन. वाच, नाही तं नको वाचू.

तुझा दादा
चुन्नीलाल


बिरसी
२७ ऑगस्ट २०२३

लोकेंद्र,

रोवणी आटोपली. पहिल्या चिठ्ठीले जवाब आला नाही. मी वाट पाहून राहिलो होतो असं समजू नको, पोस्टमन रस्त्यात भेटतेच म्हणून विचारलं.

उन्हाळ्यात काय केलं ते ऐक. नाल्याकडच्या बांधीत चुना टाकला. अन् मिलमधून धानाचं तूस आणून त्याचा कोळसा केला. हसशील. पण ते तूस पेटवाचं नसते, धुपवाचं असते. मधात विस्तव अन् धुराडं, चारी बाजूंनी तुसाचा ढीग. जाळ दिसला की पाणी माराचं. राख झाली तं काम बिघडलं, काळं राहिलं पायजे. पंधरा दिवस हाच धंदा केला. तुझी वहिनी म्हणते, "जन्मात कधी चूल पेटवली नाही यांनी, अन् आता उन्हात कोळसे भाजून राहिले." चुन्यानं बोटांच्या सांदी फाटल्या. जेवताना मिठानं झोंबते, डाव्या हातानं जेवतो.

मॅडमनं समजावलं ते मले समजलं तसं सांगतो. माती आंबट असली की हा धातू सुटा होते अन् मुळं त्याले ओढून घेतात. चुन्यानं आंबटपणा जाते. तुसाचा कोळसा त्याले धरून ठेवते. मी म्हटलं, "मंग काही वर्षांनी निघून जाईल न तो?" ती पोरगी, तुझ्या नूतनपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असंल, म्हणाली, "नाही काका, तो कुठं जात नाही. तुमच्या नातवाच्या नातवाच्या वेळीही तो तिथंच राहील. आपण फक्त त्याले दाण्यात चढू द्यायचा नाही." घरी येऊन सातबारा काढून पाहिला, लोकू. आईबाबांनी आपल्या दोघांच्या नावानं ठेवलेली जमीन. मी चार वर्षांत तिचं काय करून ठेवलं?

आणखी एक अट घातली तिनं. लोंबी पोटरीत आली तेव्हापासून दाणा भरेपर्यंत बांधीत पाणी उभं पायजे. पाण्याखाली धातू मातीले चिकटून राहते म्हणते. मी म्हटलं, धानाच्या बांधीत पाणी असतेच, ते आमाले काय शिकवून राहिल्या तुमी.

वहिनीचा अन् बहूचा फोन होते, त्यातून कळते. पायावर सूज आहे म्हणे. खाण्यावर बंधनं टाकली म्हणे. मी दाराआडून ऐकतो. मी विचारलं हे बहूले सांगाची तुझ्या वहिनीची टाप नाही. अन् विचारूनही ती कोणाले सांगणार? तुले?

कट्टा अजून असंल तं तोच खा. बोडीखालचाच आहे तो.

दादा


बिरसी
१६ ऑक्टोबर २०२३

लोकेंद्र,

काल घट बसले. नाल्याकडची बांधी एकदा पाहून जा, मंग शिव्या दे. लोंब्या अशा लवल्या आहेत, की बांधावरून चालताना धोतराले लागतात. खैऱ्याचा एक ठिपका नाही. खरं सांगतो, मले गाणं म्हणावं वाटलं. म्हटलं नाही, डोक्यावरून विमानतळावरच्या उड्डाणशाळेची शिकाऊ विमानं घिरट्या घालून राहिली होती, माझा आवाज कोणाले ऐकू जाणार?

दाणा दुधात आला, म्हणून परवा बांधाची मेर फोडून पाणी सोडून दिलं अन् चिखलात लाखोळीच्या डाळीचं बी फेकलं. मॅडमचं म्हणणं होतं पाणी राहू द्या. पण दुधात आलेला धान आता कितीक पाणी पिणार? अन् धान उभा असताना त्याच्या पायाशी लाखोळी पडली नाही, असं आपल्या घरी एक साल गेलं नाही. आजोबा टाकत, बाबा टाकत, बाबांचे हात कापाले लागले तं तू टाकाचास. उतेऱ्याची बांधी रिकामी ठेवणं म्हणजे घरात दिवा न लावणं, असं आई म्हणाची.

बहूले लाखोळीची भाजी आवडते. दरसाल दिवाळीनंतर तू पिशवी भरून नेत होतास. यंदा नाही नेलीस तं वहिनीच्या हातानं पाठवीन.

तांदळाचा रिपोर्ट डिसेंबरात येईल. मंग तू अन् मी पाहू. माझं मन म्हणते, साफ येईल. तेव्हा मी स्वतः कट्टा डोक्यावर घेऊन कुडव्याले येतो अन् तुझ्या दारात उभा राहतो, पाहू तू कसा हाकलतोस.

दादा


बिरसी
२४ डिसेंबर २०२३

लोकेंद्र,

एक पॉइंट तीन.

मागच्यापेक्षा जास्त. चुना टाकून, कोळसा टाकून, बोटं फाडून घेऊन, जास्त! मी मॅडमवर ओरडलो. म्हटलं, तुमचं शास्त्र घाला चुलीत, तुमी आमाले येडं बनवून राहिल्या. ती मले बांधी पाहाले चला म्हणाली. बांधीत लाखोळी हात-हात वर आली होती, निळी फुलं लागली होती. ते पाहून तिनं विचारलं, "काका, पाणी कधी सोडलं होतं?"

मी छाती काढून सांगितलं, घटाच्या आदल्या दिवशी.

ती पोरगी तिथंच बांधावर बसली. डोक्याले हात लावला. मंग हळूहळू सांगितलं. पाणी गेलं, माती वाळली, भेगा पडल्या, भेगांतून हवा आत गेली. पाण्याखाली जो बांधून होता तो धातू तेव्हाच मोकळा झाला. अन् नेमका त्याच वेळी दाणा भरून राहिला होता, म्हणून सगळा दाण्यात गेला. आपण जे मुठीत धरलं होतं ते मीच मूठ उघडून देऊन टाकलं, असं म्हणाली. रागानं नाही, रडल्यासारखं म्हणाली. 

मूठभर लाखोळीसाठी, लोकू. कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. सांगितलं होतं. मी ऐकलं, समजलं, तुले चिठ्ठीत लिहून कळवलं, अन् वेळ आली तेव्हा हातानं आपल्या सवयीनं फावडं उचललं. म्हणजे मी साल-दर-साल असंच करत आलो असणार. भुकटी चार वर्षं, अन् वरून दर ऑक्टोबरात मेर फोडून तिले दाण्यात चढवणं. हिशेब मॅडमनं नाही सांगितला, घरी येताना माझाच मले सुचला.

लाखोळी उपटून टाकली. भाजी कोणाले दिली नाही, गाईलेही नाही. यंदाचा धान विकला नाही, खायाच्या ढोलीत घातला नाही, कोठ्यात पडून आहे. मॅडम म्हणतात, बियाण्याले चालंल, खायाले नको. मागच्या चार वर्षांचा मात्र सरकारी खरेदी केंद्रावर गेला. कोणाच्या ताटात गेला ते मले माहीत नाही अन् आता शोधताही येत नाही. रस्त्यानं शाळेतली पोरं डबे घेऊन जाऊन राहतात, मी मान खाली घालतो.

तुले हे लिहाले लाज वाटली. तरी लिहिलं. आणखी एक गोष्ट लिहाची होती, ती आज होत नाही.

दादा


बिरसी
१८ नोव्हेंबर २०२४

लोकेंद्र,

वर्षभर लिहिलं नाही. लिहाले काय होतं? बहूले हप्त्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर घ्या लागते, हे मार्चमध्ये कळलं. वहिनी दवाखान्यात येऊन गेली, तुले माहीत आहे. मीही आलो होतो. खाली गाडी लावाच्या जागी दोन घंटे उभा राहिलो. तू औषधाची पिशवी घेऊन माझ्या समोरून गेलास, दाढी वाढलेली, चपला वेगवेगळ्या जोड्यांतल्या वाटाव्या अशा फरफटत. मी हाक मारली नाही. हाक मारली असती अन् तू पाहिलं नसतं, तं मंग मी काय केलं असतं?

यंदाचं सांगतो. पुन्हा चुना, पुन्हा कोळसा. अन् पाणी. पोटरी आल्यापासून मी रोज सकाळ-सायंकाळ मेर तपासली. खेकड्यानं भोक पाडलं तं चिखलानं बुजवलं. बोडीतून पाणी घेण्यावरून शेजारच्या भूपेंद्रशी हातघाईवर आलो. लाखोळीचं बी घरातच ठेवलं नाही, म्हटलं हात पुन्हा वळवळाले नको. मॅडम म्हणाल्या, कापणीच्या आठ-दहा दिवस आधी सोडलं तं चालंल काका. मी नाही सोडलं. माझा माझ्यावर भरोसा राहिला नाही.

मंग कापणीले पाणी तसंच! हार्वेस्टरवाल्यानं बांधावरूनच हात जोडले, "चाचा, मशीन फस जायेगी." बाया आल्या, एक दिवस कापून दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. पोटऱ्यांपर्यंत थंड चिखल, कोण येईल? शेवटी मी अन् तुझी वहिनी. ती साठ वर्षांची बाई चिखलात उभी राहून कापून राहिली, अन् प्रत्येक पेंढी डोक्यावर घेऊन बांधावर नेऊन टाकून राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं इळा खाली ठेवला अन् विचारलं, "हे सगळं लोकेंद्रभाऊसाठी करून राहिले, की आणखी काही आहे?" छत्तीस वर्षं झाली लग्नाले. तिले वास येते.

मी म्हटलं, "काप गुपचूप."

नमुना दिला आहे. नूतन बाळंतपणाले माहेरी आली म्हणून कळलं. पहिलं आहे, तिले जप. लहान असताना ती माझ्या खांद्यावर बसून बांधीत येत होती, चिखलात पाय ठेवाची नाही. मले तिले पाहाची फार इच्छा होऊन राहिली. तू नाही म्हणशील ते माहीत आहे.

दादा


बिरसी
२२ डिसेंबर २०२४

मंजूबहू,

पाकिटावर तुझं नाव पाहून दचकशील. सव्वीस वर्षांत मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही अन् तू माझ्याशी नाही. भासरा अन् लहान भावाची बायको, रीतच तशी. मी खाकरून अंगणात शिराचो, तू पदर ओढून आत जाची. चहा ठेवू काय, हे तू भिंतीले विचाराची अन् मी भिंतीलेच हो म्हणाचो. चांगली रीत आहे म्हणून मी पाळली. तिच्या आड लपताही येते, हे मले या दोन वर्षांत समजलं. लोकेंद्रले पाच चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीत हे लिहाले बसलो अन् नाही लिहिलं. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी खोटं बोलता येते. तुझ्याशी माझं भांडण नाही.

नवा रिपोर्ट काल आला. पॉइंट तीन. नाल्याकडच्या बांधीचा तांदूळ हद्दीच्या आत आला. आचल मॅडमनं फोनवर सांगितलं, मले म्हणाली, "काका, तुमी करून दाखवलं." मी लगेच कट्टा काढला. तुमच्या वाट्याचा, दरसालसारखा. तोंड शिवाले बसलो अन् सुई खाली ठेवली. कारण असाच एक कट्टा मी आधी शिवला होता.

ऐक बहू. जानेवारी दोन हजार तेवीसचा कट्टा, जो लोकेंद्र स्वतः येऊन घेऊन गेला. तो बोडीखालच्या बांधीचा नव्हता. नाल्याकडचाच होता. अन् मले माहीत होतं.

आचल मॅडमनं पहिला नमुना पावसाळ्याच्या शेवटी नेला होता. त्याचा कागद मले डिसेंबरातच घरी आणून दिला. मी तिच्या हातापाया पडलो, की गावात सांगू नका, मी बंदोबस्त करतो. तिनं मले मे महिन्यापर्यंत वेळ दिली, म्हणजे पेरणीच्या आधी सगळ्या गावाले सावध करता येईल. सभेत मलेही त्याच दिवशी कळलं, हे मी तुमाले खोटं सांगितलं. कागद पाच महिने माझ्या खिशात होता.

कट्टा बांधून ठेवला होता. रविवारी लोकेंद्र येणार होता. तेव्हा तुझ्या पायावर सूज नुकतीच दिसाले लागली होती, हेही मले माहीत होतं. ढोलीत बोडीखालचा चांगला धान होता. तो काढून भरडून देता आला असता. मी विचार केला नाही असं नाही, शनिवारचा पूरा दिवस विचार केला. चांगला धान एकाच घराले पुरेल इतका होता. तो तुमाले दिला तं वर्षभर आमी काय खाणार, अन् धनवंताले काय सांगणार, अन् लोकेंद्रनं विचारलं की दादा यंदा दाणा वेगळा काऊन, तं काय सांगणार? म्हणून मी गप्प बसलो. तो कट्टा उचलून माझ्या हातानं तुमच्या गाडीवर ठेवला. दोरीनं बांधून दिला. अन् चांगला धान आमी दोघांनी खाल्ला.

मंग अंगणात लोकेंद्रनं विचारलं, शेवटचा कट्टा कोणता? मी म्हटलं, बोडीखालचा. त्याच्या चेहऱ्यावर एवढीशी शांती आली. म्हणून चिठ्ठ्यांमध्येही तेच लिहीत गेलो. फेकू नको, खा, असंही लिहिलं. खोटं एकदा सांगितलं की त्याले खाऊ-पिऊ घालावं लागते.

आता तुमी तो खाऊन दोन वर्षं झाली असतील. एका कट्ट्यानं काय झालं अन् आधीच्या चार वर्षांनी काय झालं, हे कोण्या डॉक्टरले सांगता येणार नाही. पण आधीची चार वर्षं मी अडाणी होतो. त्या एका कट्ट्याले मी अडाणी नव्हतो. माफी मागत नाही. मागितली तं तुले द्यावी लागंल, तुले ते ओझं कायले?

धनवंताले आज सकाळी सांगितलं. ती माझ्या पुढचं ताट उचलून आत घेऊन गेली.

नवा तांदूळ पाठवत नाही. आधी हे वाच. मंग तुमाले वाटलं तं पाठवा म्हणून सांगा, नाही वाटलं तं नका सांगू. नूतनले मुलगी झाली म्हणून कळलं. आनंद झाला, आज तो सांगाची माझी जागा नाही.

चुन्नीलाल बिसेन


कुडवा
२ जानेवारी २०२५

नूतनचे मोठेबाबा यांस,

तुमाले काय म्हणून लिहावं ते मले सुचेना. कधी हाक मारलीच नाही. घरात आमी 'नूतनचे मोठेबाबा' म्हणतो, तेच लिहिलं.

तुमची आधीची पाचही पत्रं यांनी फोडली नाहीत. फेकलीही नाहीत. टीव्हीखालच्या कप्प्यात आहेत. हे माझ्या नावाचं होतं म्हणून यांनी माझ्या हातात दिलं अन् पाहत उभे राहिले. मी म्हटलं, नंतर वाचीन. मशीनवर चार घंटे पडून राहा लागते, तेव्हा वाचलं. दोनदा वाचलं. यांना अजून सांगितलं नाही.

तुमी लिहिलं, तुमी तो खाऊन दोन वर्षं झाली असतील. नाही झाली.

तुमच्या अंगणातून हे आले तेव्हा घरातला सगळा तांदूळ यांनी पोत्यासकट उकिरड्यात टाकला. तो एकच कट्टा ठेवला, तुमी बोडीखालचा म्हणालात म्हणून. मले तं डॉक्टरनं भात मोजूनच खायाले सांगितला आहे, अन् हे म्हणाले आपण दुकानचा खाऊ. घरच्या शेताचा चांगला म्हणावा असा तेवढाच उरला होता, पुढं मिळंल न मिळंल. नूतनचं लग्न तेव्हा ठरून राहिलं होतं. मी म्हटलं, राहू द्या, पोरीच्या बाळंतपणाले होईल. बाळंतिणीले जुना तांदूळच लागते, हे तुमाले मी सांगावं काय? नवा भात चिकट, पोटाले जड. निंबाचा पाला घालून, उन्हं दाखवून मी तो दोन वर्षं जपला. हातात ताकद नव्हती तं यांच्याकडून उचलून घेतला. एका दाण्याले किडा लागू दिला नाही.

दिवाळीनंतर नूतन आली तेव्हा मी कट्ट्याचं तोंड उघडलं. घरभर वास सुटला. ती म्हणाली, "आई, हा मोठेबाबांकडचा न?" तिनं आवडीनं खाल्ला. शेवटचा महिना तोच, अन् २८ नोव्हेंबरले पोरगी झाली तेव्हापासून तोच. सकाळी पेज, दुपारी मऊ भात, सायंकाळी मऊ भात. माझ्यानं दुसरं काही होत नाही, पण तेवढं मी उभं राहून रांधते. आजही मी रांधूनच दवाखान्यात आली होती. पोरगी तिच्या अंगावर पिते.

घरी येऊन मी कट्ट्यात हात घालून पाहिला. अर्ध्याच्या खाली गेला आहे. सायंकाळी भात टाकला नाही. नूतननं विचारलं, काऊन? मी म्हटलं, गॅस संपला. तिले शेजारून पोळ्या आणून दिल्या.

तुमच्या त्या मॅडमले विचारा. आईच्या दुधातून किती जाते, बाळाले काय होते, कुठं तपासतात. खरं ते विचारा, अन् कागदावर लिहून आणा.

नूतनले मी सांगणार नाही. यांनाही मी सांगणार नाही. तुमीच या, हे पत्र मिळालं की त्याच दिवशी या. हे दारात अडवतील, मी अडवू देणार नाही. बाजेसमोर खुर्ची टाकून ठेवते. पोरगी मांडीवर असंल, नूतन समोर असंल, तिले तुमच्या तोंडानं सांगा तुमी काय केलं ते. मी पदर घेऊन आत जाणार नाही. तुमच्या समोर बसणार आहो अन् ऐकणार आहो.

मंजू